गाथा, आई आणि मी

परवा भाच्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आत्या, तू हल्ली रोज गाथा वाचतेस म्हणे. आजी सांगत होती. म्हणजे तू पण देवाचं करायला लागलीस का?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, थोडी काळजीच होती. एखादं माणूस आजारी आहे असं कळल्यावर विचारतात ना, तसं विचारलं त्यानं.

मला पटकन 'हो'ही म्हणता येईना आणि 'नाही'ही. "बघू, सावकाश सांगते" म्हणून फोन ठेवला. तर हे ते सावकाश सांगणं. घरातली बरीच मंडळी हे वाचतात, म्हणून आधीच सांगून टाकते की यात दादाचा विषय येणार आहे, आणि आईची एक गोष्ट येणार आहे. ती आईला विचारूनच लिहिते आहे.

दादा 2016 च्या जुलैमध्ये गेला. एकोणपन्नासाव्या वर्षी, सकाळी अंघोळीला जातो म्हणून उठला आणि दारातच कोसळला. भाचा तेव्हा दहावीत होता. ज्यांना हे माहीत आहे त्यांना पुन्हा सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही त्यांना इतकं पुरे.

मी त्याआधी फार देवभोळी नव्हते, पण चारचौघींसारखी होते. संध्याकाळी दिवा लावायचे, परीक्षेच्या, ऑपरेशनच्या दिवशी जरा जास्त वेळ हात जोडायचे. दादा गेल्यावर ते सगळं एकदम बंद झालं. ठरवून नाही. एक दिवस दिवा लावायला गेले आणि काडी ओढावीशीच वाटेना. देवघराचं दार लावून घेतलं ते दोन-अडीच वर्षं तसंच. नवरा आपलं आपण काय ते करायचा, मला काही म्हणाला नाही.

राग खरा आला होता तो आईचा. वाईच्या घरी सुतक संपलं आणि चौदाव्या दिवशी सकाळी ही बाई नेहमीसारखी उठून देव धुवायला बसली! तोच ताम्हन, तोच रांगता बाळकृष्ण, तेच पुटपुटणं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मला वाटलं, हिला काहीच झालेलं नाही का? की हिच्या त्या पितळी बाळकृष्णापुढे पोटचा मुलगाही दुय्यम? मी तिला तसं बोलले नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात 'जेवलीस का', 'औषध घेतलंस का' याच्यापलीकडे बोलणं झालं नाही.

गाथा माझ्याकडे आली ती या दिवसांत, आणि तीही भक्तीनं नाही. दादाचं कपाट आवरताना वडिलांची जुनी पुस्तकं निघाली. त्यात सरकारी गाथा होती. (1950 साली तेव्हाच्या मुंबई सरकारनं काढलेली आणि नंतर पुन्हा पुन्हा छापलेली ती जाडजूड प्रत पुष्कळ जुन्या घरांत असते. बहुतेक ठिकाणी न उघडलेली!) वहिनी म्हणाली, तू घेऊन जा, इथं वाळवी लागेल. पुण्याला आणली आणि फडताळात टाकली. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मधेच कुठेतरी उघडली.

आता खरं सांगायचं तर तुकाराम मला माहीत होता तो गाण्यातला. भीमसेन जोशींचा आवाज, श्रीनिवास खळ्यांच्या चाली, लताबाईंचं 'अभंग तुकयाचे'. आषाढीच्या सकाळी रेडिओवर लागलं की घर कसं स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं. म्हणजे माझ्या डोक्यात तुकोबा हे एक शांत, गोड, टाळ वाजवणारे गृहस्थ होते. आणि पुस्तकात निघाला भलताच माणूस. तो देवाला भिकारी म्हणतो, चोर म्हणतो, दिवाळखोर म्हणतो. त्याची लाज काढतो. एका ठिकाणी तर देव माझ्यापुरता मेला असं तो जाहीरच करतो. आता त्याचं बरंवाईट काहीच बोलणार नाही म्हणतो, म्हणजे सुतकाच्याही पलीकडची गोष्ट. मी दिवा लावून उठून बसले. हे आपल्या संतांच्या पुस्तकात आहे? आणि हे माणसं डोक्यावर घेऊन नाचतात?

त्या रात्री मला काय वाटलं ते नेमकं सांगायचा प्रयत्न करते. बरं वाटलं, असं नाही म्हणता येणार. पण अडीच वर्षं मी जे कुणाशीच बोलले नव्हते ते कुणीतरी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी नीट शब्दांत बोलून ठेवलं होतं. आणि ज्याला उद्देशून बोललं होतं तो समोर आहे असं धरूनच बोललं होतं. नसलेल्या माणसाशी कोण इतक्या तपशिलात भांडेल?

मग रोज रात्री एक अभंग असं सुरू झालं. एकच. साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत, घाई करून कुठे जायचं आहे? कळायला अवघडही जातात. शब्द जुने, अर्थ सरकलेले. मी शेजारी मोल्सवर्थ ठेवते. (1831 साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं छापलेला मराठीचा कोश उशाशी घेऊन तुकाराम वाचायचा, हीही गंमतच. पण उपाय नाही, त्याच्याइतकं कुणी भरून ठेवलेलं नाही. आता तो इंटरनेटवरही चाचपता येतो.) दिलीप चित्र्यांचं 'पुन्हा तुकाराम' मिळालं, त्यानंही पुष्कळ उजेड पडला.

हळूहळू अभंगाच्या घडणीकडेही लक्ष जायला लागलं. मोठ्या अभंगात अक्षरं असतात सहा, सहा, सहा आणि मग चार. पहिल्या तीन पायऱ्या सारख्या आणि चौथी आखूड. शाळेत हे छंद म्हणून घोकलं होतं, मार्क मिळवले आणि विसरले. मनातल्या मनात वाचताना मात्र दर वेळी त्या चौथ्या पायरीवर पाय जरा लवकर टेकतो आणि आपण थांबतो. त्या थांबण्यात दोन अक्षरांएवढी मोकळी जागा उरते. मला जे काही मिळालं असेल ते तिथं मिळालं, असं मला वाटतं. शब्दांत नाही, त्या उरलेल्या जागेत. हे फार काव्यात्म वाटत असेल तर सोडून द्या. पण करून बघा.

आणि मग तो अभंग वाचनात आला, ज्यात तुकोबा स्वतःची हकीकत सांगतात. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, असं म्हणून. माहिती तशी सगळ्यांना असते. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बुडाला, पत गेली, एक बायको अन्न अन्न करत मेली. पण माझं लक्ष पुढच्या भागाकडे गेलं. इतकं झाल्यावर माणूस काय करतो? तर म्हणतो, देऊळ पडलं होतं, ते दुरुस्त करावं असं वाटलं. आणि कीर्तन करायला लागलो तेव्हा सुरुवातीला मन लागत नव्हतं. मग संतांची काही वचनं विश्वासानं पाठ केली.

ही जागा मी कितीदा वाचली असेन. कारण तुकाराम इथे चक्क सांगतोय की देव त्याला आधी भेटला नाही. आधी भेटल्या दुसऱ्यांच्या कविता! मन लागत नसताना त्यानं नामदेव, ज्ञानदेव, कबीर पाठ केले. दुसऱ्याच्या शब्दांत जाऊन बसला, आणि तिथून मग त्याचे स्वतःचे शब्द आले. आणि हे घडलं ते घरातली माणसं मेल्यावर, पडलेल्या देवळाच्या डागडुजीच्या दिवसांत.

त्याची शिष्या बहिणाबाई, शिऊरची (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्या अडीचशे वर्षांनंतरच्या), तिचंही तेच. लहानपणीच मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न झालेली, नवरा कर्मठ. कोल्हापुरात असताना कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले आणि तिला तो ध्यास लागला. माणूस पाहिलेला नाही, गाव पाहिलेलं नाही. आधी कविता आली, गुरू नंतर, तोही आधी स्वप्नात आणि मग देहूला. हे सगळं तिनं स्वतःच अभंगांत लिहून ठेवलंय.

म्हणून मला आता ठामपणे वाटतं की कवितेतून देवाजवळ जाणं ही काही पूजापाठ न जमणाऱ्यांनी काढलेली पळवाट नाही. आपल्याकडचा तो जुना, वापरातला रस्ता आहे. आपणच त्याच्यावर लाउडस्पीकर लावून ठेवलाय. 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला, ती मंडळी मूर्तिपूजा मानत नव्हती, तरी उपासनेला तुकाराम घेतलाच. ज्याला मूर्तीपुढे हात जोडवत नाहीत त्यालाही हा माणूस जवळ बसवून घेतो, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

माझ्या एका मैत्रिणीचं यावर म्हणणं असं की तू ज्याला देव म्हणतेस तो साहित्याचा आनंद आहे. उत्तम कवितेनं अंगावर काटा येतो, त्यात अध्यात्म कुठून आणायचं? तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. काटा मलाही पुष्कळ कवितांनी आलेला आहे. पण फरक जाणवतो. एरवी चांगली कविता वाचून झाली की मला कवीचं कौतुक वाटतं, 'काय लिहिलंय!' असं. इथं तसं होत नाही. इथं वाटतं की कुणीतरी आपल्याला विचारलंय आणि आता आपली बोलायची पाळी आहे. आणि हे फक्त संतांच्याच बाबतीत होतं असंही नाही. मर्ढेकरांच्या कवितेनं मला असं बऱ्याचदा केलंय. ज्यांच्या कवितांवर 1948 साली अश्लीलतेचा खटला झाला (आणि जे त्यातून निर्दोष सुटले) ते मर्ढेकर! गिरण्या, गणपत वाणी, पिंपात मेलेले उंदीर आणि मधेच देवाकडे केलेलं आर्जव, तेही जुन्या अभंग-ओवीच्या घाटात. काही काकालोकांना हे आवडणार नाही, पण मला काही आरत्यांपेक्षा ते जास्त प्रार्थनेसारखं वाटतं. असो.

इथपर्यंत माझं सगळं स्वतःपुरतं चाललं होतं. रात्री, एकटीनं, अंथरुणात. कधी उशाशी चहाचा कप. आणि मनात थोडा गर्वही होता, लपवत नाही. मला वाटायचं की माझा तुकाराम खरा, आणि आईचं ते सकाळचं पुटपुटणं म्हणजे नुसती सवय.

आई दिवाळी ते होळी माझ्याकडे असते. गेल्या काही वर्षांत तिच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झालाय. बाजूचं दिसतं, पण समोर मधोमध काळा डाग. चष्म्यानं भागत नाही. वाचन गेलं. तिला हरिपाठ पाठ आहे, त्यामुळे सकाळची अडचण नाही, पण दुपारी नुसती बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "तू रात्री वाचतेस ते मला वाचून दाखव की."

मला भीती वाटली. कारण मी तेव्हा जिथं होते तिथले अभंग भांडणाचे होते. आईला, तेही दादा गेल्यावर, हे कसं वाचून दाखवायचं? मी पानं उलटून एखादा रूपाचा, वर्णनाचा शोधायला लागले. तर म्हणे, "शोधतेस काय, खूण घातली आहेस ना? तिथला वाच."

वाचला. सरळ, एका दमात, मी वाचते तसा. वाचून झाल्यावर आई म्हणाली, "असा नाही वाचायचा. ध्रुपद कुठंय?"

गाथेत पहिल्या कडव्याला 1 असतो, दुसऱ्यापुढे 'ध्रु' लिहिलेलं असतं आणि मग 2, 3 असं पुढे. मी तो 'ध्रु' नेहमी ओलांडून जायचे, छापखान्याची खूण असावी तशी. आईच्या माहेरी भजन असायचं. तिनं सांगितलं, दर कडव्यानंतर ध्रुपदाकडे परत यायचं. पुढचं म्हणायचं, परत यायचं. त्याशिवाय तो अभंगच नाही.

मग तसा वाचला. आणि त्या अभंगातली सगळ्यात कडक ओळ नेमकी ध्रुपदाची होती. एकदा वाचून मी जिच्यावरून पुढे जात होते ती आता चार वेळा, पाच वेळा परत येत होती. प्रत्येक वेळी मधल्या कडव्याचा रंग घेऊन. पहिल्यांदा ती शिवी होती. तिसऱ्या वेळेला रडणं झालं. शेवटी काय झालं ते मला सांगता येत नाही. वाचणारा तुकाराम खरा आणि गाण्यातला गुळगुळीत, हे माझं मत होतं ना, ते त्या दुपारी बरंचसं ढासळलं. चाल लावताना तो राग गोड होतो हे मला अजूनही वाटतं. पण फिरून फिरून त्याच ओळीवर यायचं, हे गाणाऱ्यांनीच जपलंय, माझ्यासारख्या वाचणाऱ्यांनी नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस." (आता बोल म्हणालीय.) "तेराव्यानंतर मी देव धुतले ना, त्या दिवशी बाळकृष्णाला कढत पाणी घातलं. चुलीवरनं उतरवलेलं तसंच. म्हटलं, बसू दे चटका. कळू दे."

मला काही सुचेना. मी विचारलं, "मग?"

"मग काय. माझाच हात भाजला. ताम्हनात पाणी उडालं." आणि जरा थांबून, "रोज घालत होते. महिनाभर तरी."

त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते ताम्हन, तो बाळकृष्ण, तिची पाठ, सगळं मला दिसत होतं. वाफ दिसली नाही. पुटपुटणंही मी हरिपाठ समजले होते. ती काय म्हणत होती ते मी आजवर विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

तर आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. बाळा, मी देवाचं 'करायला' लागलेली नाही. देवघराचं दार उघडं असतं, दिवा कधी लावते, कधी राहतो. देव आहे का, हे मला तू छातीवर हात ठेवून विचारलंस तर अजूनही घोटाळाच होईल. पण दुपारी साडेतीनला चहा झाला की आम्ही दोघी बसतो आणि त्या वेळेला मला तो प्रश्न पडत नाही, हे खरं आहे. पुस्तक मिटलं की पुन्हा पडतो. तुकोबांनाही पडायचा, गाथेत जागोजाग आहे. तुझ्या बाबाचा विषय आता आमच्यात निघतो, हे तुला सांगायचं होतं. आजी तो लहानपणी कृष्णेत पोहायला शिकला त्याचं सांगते, मी सायकलचं सांगते. आधी निघत नव्हता.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तूही बैस. वाचायला तुलाच देऊ. तुझी मराठी जोडाक्षरांवर अडखळते, हे आजीला माहीत आहे आणि तिची काही तक्रार नाही. तिची तक्रार माझ्याबद्दल आहे. अजूनही म्हणते की मी फार भरभर वाचते.